लाल लाईट लागायच्या आधी

आज पोस्ट जरा लांब आहे. राजकारणावर नाही, कुणाच्या वाढदिवसावर नाही. घरात कोपऱ्यात भिंतीला लटकलेल्या त्या छोट्या पांढऱ्या डब्याबद्दल आहे. हिमायतनगरात ज्यांच्या घरी, दुकानात फायबरचं कनेक्शन आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. ज्यांच्याकडं नाही त्यांनीही वाचा, कारण तुमचा सातबारा, पीक विमा, लेकराचा फॉर्म कुठं ना कुठं त्याच डब्यातून जातो.

मुद्दा एका ओळीत सांगतो. फायबरचं नेट एकदम कधी तरीच मरतं. बहुतेक वेळा ते आधी आजारी पडतं. आणि हा आजार कंपनीच्या ऑफिसात बसून दिसतो. रोज दिसतो, प्रत्येक घराचा वेगळा दिसतो. पण तो कुणी बघत नाही. आपण तक्रार करायची, मग त्यांनी पोरगा पाठवायचा, ही पद्धत आपण सगळ्यांनी मान्य करून टाकली आहे. ती बदलायला पाहिजे आणि बदलता येते, एवढंच सांगायचंय.

आता जरा नीट सांगतो. तांत्रिक आहे, पण अवघड नाही.

फायबर म्हणजे काचेचा धागा. ज्यातून उजेड जातो तो मधला भाग फक्त ९ मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसापेक्षाही कितीतरी बारीक. ऑफिसातल्या मशीनमधून (तिला ओएलटी म्हणतात) उजेड निघतो. वाटेत एका ठिकाणी स्प्लिटर असतो, तिथं एका धाग्याचे ८, १६ किंवा ३२ भाग होतात आणि त्यातला एक आपल्या घरी येतो. म्हणजे पाटाच्या पाण्यासारखं आहे. मुख्य पाट एक, त्याला बारे फोडले, प्रत्येकाच्या वाट्याला थोडं थोडं. वाट्याला किती आलं ते मोजायचं एकक आहे डीबीएम. हा आकडा मायनसमध्ये येतो. मायनस १८ असेल तर झकास. मायनस २२ असेल तर ठीक. मायनस २७ म्हणजे साधारण काठ, नेहमीच्या डब्याची झेप तिथंच संपते. त्याच्या खाली गेलं की लाल लाईट.

या आकड्याची एक गंमत लक्षात ठेवा. आकडा ३ ने घसरला की उजेड अर्धा होतो. १० ने घसरला की दहावा हिस्सा उरतो. म्हणजे मायनस २० चा मायनस २६ झाला तर कागदावर सहाचाच फरक दिसतो, पण घरात येणारा उजेड चार आण्यांवर आलेला असतो.

हिशेब कसा होतो बघा. ऑफिसातून समजा प्लस ३ ने उजेड निघाला. सहा किलोमीटर केबल, किलोमीटरला साधारण ०.३५ चा लॉस, म्हणजे दोनच्या आसपास गेले. ३२ चा स्प्लिटर एकटाच साडेसतरा खातो. जॉइंट, कनेक्टर मिळून दोन धरा. घरात यायला पाहिजे मायनस १८ ते १९. म्हणजे काठापर्यंत आठ-एक डीबीचं अंतर हातात असतं. हे अंतर म्हणजे आपली शिल्लक. पाऊस, ऊन, उंदीर, वारा, केबलवर घासणारी फांदी, ट्रॉलीतून वर आलेल्या उसाचा हिसका, हे सगळे या शिलकीतून थोडं थोडं काढत राहतात. शिल्लक संपली की लाल लाईट. आणि आपण म्हणतो, "अचानक बंद पडलं."

ही काच किती चांगली आहे तेही सांगतो, म्हणजे दोष कुठं असतो ते कळेल. १९६६ साली चार्ल्स काओ यांनी मांडलं की काच पुरेशी शुद्ध केली तर उजेडावर दूरचं बोलणं पाठवता येईल. तेव्हा त्यांचं लक्ष्य होतं किलोमीटरला २० डीबी लॉस, म्हणजे एका किलोमीटरनंतर उजेडाचा शंभरावा हिस्सा उरला तरी चालेल. १९७० मध्ये अमेरिकेत कॉर्निंग कंपनीने ते गाठलं. काओंना २००९ मध्ये नोबेल मिळालं. 'फायबर ऑप्टिक्स' हे नाव रूढ करणारे नरिंदर सिंग कपानी तर आपले पंजाबातल्या मोग्याचे. आज किलोमीटरनंतर शंभरातला ९२ उजेड शिल्लक राहतो. म्हणजे काच सहसा दगा देत नाही. दगा देतो जॉइंट, कनेक्टर, वळण आणि आपली पद्धत.

आता आपल्या गावाचं. हिमायतनगर म्हणजे नांदेड जिल्ह्याचं टोक. पैनगंगा ओलांडली की विदर्भ, पलीकडं तेलंगणा. नांदेडला जायचं तर भोकर मार्गे अर्धा दिवस मोडतो. ज्याला नांदेडात घर आहे त्याचं नेट गेलं तर तो शेजारच्या चौकात जाऊन काम करून घेतो. सरसम, सिरंजनी, कामारी, जवळगावचा माणूस कामासाठी हिमायतनगरला येतो, इथं नेट बंद असलं की तो परत जातो. त्याची मजुरी बुडते, येण्याजाण्याचं भाडं जातं आणि काम तसंच राहतं. नेट ही आता चैन राहिली नाही. ई-केवायसी, शेतकरी ओळख क्रमांक, पीक विमा, सीईटीचे फॉर्म, बँकेचं काम, दवाखान्याची नोंद, सगळं त्या धाग्यावर आहे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. माझ्या भाच्याचं सेवा केंद्र आहे, मी रिकामा असलो की तिथं बसतो. कंपनीचं नाव घेत नाही, कारण हे एका कंपनीचं दुखणं नाही. तर पावसाच्या पहिल्या झडीनंतर नेट अडखळायला लागलं. बंद नाही, पण पेज अर्धं उघडायचं, ओटीपी यायचा तोवर वेळ संपलेला. तक्रार केली. दोन दिवसांनी लाईनवरचा पोरगा आला. चांगला पोरगा आहे, कामाचा आहे. त्याने मीटर लावला. मी विचारलं, "किती दाखवतंय रे?"

"मायनस सव्वीस पॉइंट चार आहे काका."

"आणि पाहिजे किती?"

"इथं आधी वीस-एकवीस असायचं. वर जॉइंटमध्ये पाणी गेलं असंल. पण सध्या चालू आहे ना. ऑफिसवाले म्हणतात चालू असंल तर तक्रार बंद कर, लाल लाईटवाल्या आधी."

त्याने कनेक्टर पुसून दिला, आकडा थोडा सुधारला, तक्रार बंद झाली. मोबाईलवर मेसेज आला, तुमची समस्या सोडवली आहे, समाधानी असाल तर पाच तारे द्या. नऊ दिवसांनी पीक विम्याची मुदत संपायच्या आदल्या संध्याकाळी पाऊस लागला आणि लाल लाईट लागली. केंद्रापुढं बायामाणसं धरून वीस-पंचवीस जण. भाच्याने मोबाईलच्या नेटवर जमेल तेवढे फॉर्म भरले, मध्यरात्रीपर्यंत बसला. बाकीच्यांना सांगावं लागलं, उद्या सकाळी लवकर या. एक म्हातारी बाई, अंगठा लावून लावून दमलेली, मला म्हणाली, "भाऊ, हे तुमचं मशीन आजच कसं काय बिघडलं?"

त्या बाईला द्यायचं खरं उत्तर असं होतं की मशीन आज बिघडलं नाही. ते नऊ दिवस आधी बिघडलं होतं, आकडा लिहिलेला होता, आणि तो आकडा नुसता आमच्यासमोर नाही, ऑफिसच्या कॉम्प्युटरवरही होता.

हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं. आपल्या घरातला डबा (ओएनटी) स्वतःचा उजेड स्वतः मोजतो आणि विचारलं की ऑफिसच्या मशीनला कळवतो. त्यासाठी घरी माणूस पाठवावा लागत नाही. कोणत्या ग्राहकाला किती डीबीएम मिळतंय ही यादी तिथून काढता येते. इतकंच नाही, घरातली लाईट गेली तर डबा मरता मरता एक शेवटचा निरोप पाठवतो, की माझी वीज गेली. त्याला तांत्रिक भाषेत 'डाइंग गॅस्प' म्हणतात, शेवटचा श्वास. केबल तुटली तर तो निरोप येत नाही. म्हणजे महावितरणची लाईट गेली की फायबर तुटलं, हे ऑफिसात बसून ओळखता येतं. आपल्याकडं तक्रार केली की पहिला प्रश्न काय असतो? "लाईट आहे का घरी? डबा बंद करून चालू करा." त्याचं उत्तर बऱ्याचदा त्यांच्या समोरच्या पडद्यावर असतं.

आणि आकडे रोज नोंदवून ठेवले तर दुखणं कुठं आहे तेही कळतं. एकाच घराचा आकडा पडला तर दोष त्या घराच्या केबलमध्ये: कुणीतरी कपाट सरकवलं, केबल दबली, उंदराने कुरतडली. एकाच स्प्लिटरवरच्या आठही घरांचा एकदम पडला तर दोष वरच्या जॉइंटमध्ये. पाऊस पडला की आकडा उतरतो आणि उघडीप मिळाली की चढतो, म्हणजे पाणी शिरतंय. महिन्यामहिन्याने थोडा थोडा उतरतोय, म्हणजे कुठंतरी घासतंय किंवा कनेक्टर खराब होतोय. हे ओळखायला मोठा इंजिनिअर लागत नाही. एक वही किंवा एक्सेलची शीट लागते आणि दर सोमवारी बघणारा एक माणूस लागतो.

आपण इतर गोष्टींत हे करतोच की. विहिरीचं पाणी मार्चमध्येच किती खाली गेलं ते बघून मोटर किती तास चालवायची ठरवतो, विहीर कोरडी पडायची वाट बघत नाही. बीपीची गोळी झटका आल्यावर सुरू करत नाही. मग नेटच्या बाबतीतच लाल लाईटची वाट का?

कारण साधं आहे. हिशेब तक्रारींचा ठेवला जातो. किती तक्रारी आल्या, किती बंद केल्या. जी तक्रार आलीच नाही, ती येऊ न देणाऱ्याला शाबासकी कुठल्याच रकान्यात नाही. उलट कुणी मायनस २५ च्या खालची यादी काढली तर त्याच्याच मागं काम लागणार. गावात फ्रँचायझी घेतलेला माणूस वेगळा, वरची कंपनी वेगळी, खांबावर चढणारा पोरगा तिसरा. यादी वरच्याकडं, शिडी खालच्याकडं, आणि दोघांच्या मध्ये एक व्हॉट्सअॅप ग्रुप. त्या पोराला मी अजिबात दोष देत नाही. भर पावसात खांबावर चढून काच जोडायची, स्वतःच्या गाडीत पेट्रोल टाकायचं, वर शिव्या खायच्या. त्याला आधीच यादी मिळाली तर तो सरसमच्या बाजूची चार घरं एका फेरीत, कोरड्या दिवशी, दिवसाउजेडी करून येईल. आज तो चार वेगवेगळ्या दिवशी, चार वेगवेगळ्या माणसांचा राग झेलत जातो. आधी लक्ष ठेवणं हे ग्राहकाच्या फायद्याचं आहेच, पण सगळ्यात जास्त त्या पोराच्या फायद्याचं आहे. आणि मालकाच्याही, कारण कंटाळून कनेक्शन तोडणारा ग्राहक जाताना तक्रारसुद्धा करत नाही, नुसता जातो.

काही जण म्हणतील, चालू आहे तर कशाला छेडायचं? बरोबर आहे, मायनस २१ वाल्याला छेडू नका. पण जो आधी २० वर होता आणि आता २५ वर आलाय, त्याचं चालू असणं काठावरचं आहे. दुसरी शंका अशी येईल की कंपनीने आपल्या डब्यावर रोज नजर ठेवायची म्हणजे आपण काय बघतो तेही त्यांना कळणार का? नाही. उजेड किती पोचला एवढंच त्या आकड्यात असतं. त्या उजेडातून कीर्तन आलं की क्रिकेट, हे त्या आकड्यातून कळत नाही.

आता सरकारी बाजू. गावागावात फायबर न्यायची योजना केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली, पुढं तिला भारतनेट नाव मिळालं. आपल्या राज्यात दुसऱ्या टप्प्याचं काम महानेट नावाने झालं. केबल गावात पोचली की फोटो निघतो, उद्घाटन होतं. उजेड पोचतोय का, दोन वर्षांनीही पोचतोय का, याचा फोटो निघत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने भारतनेटचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला, १ लाख ३९ हजार ५७९ कोटींचा. त्यातली माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाची गोष्ट किलोमीटरचा आकडा नाही. दहा वर्षांची देखभाल आणि फायबरवर दुरून लक्ष ठेवणारी यंत्रणा हे दोन्ही त्यात धरलेलं आहे. म्हणजे केबल टाकून विसरून जायचं नाही, हे दिल्लीलाही पटलं. मग ते हिमायतनगरच्या गल्लीत का पटू नये?

खोदकामाचं तर बोलायलाच नको. रस्ता, नाली, पाण्याची पाइपलाइन, जेसीबी आला की केबल गेली. मार्च २०२३ मध्ये केंद्राने 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं अॅप आणलं. खोदायच्या आधी ठेकेदाराने तिथं कळवायचं, म्हणजे खाली ज्यांची केबल आहे त्यांना निरोप जातो. त्या वेळी सरकारनेच सांगितलं होतं की अशा बेफाम खोदकामाने देशाचं दरवर्षी सुमारे ३ हजार कोटींचं नुकसान होतं. आपल्या नगरपंचायतीने आणि बांधकामवाल्यांनी कामाच्या आदेशात ही एक अट घातली, तर एका रुपयाचाही जादा खर्च नाही.

नियमांचंही थोडं. ट्रायने २००६ मध्येच ब्रॉडबँडसाठी नियम केले होते: नव्वद टक्क्यांहून जास्त बिघाड दुसऱ्या कामाच्या दिवशी दुरुस्त व्हावेत आणि तीन दिवसांपेक्षा जास्त बंद राहिलं तर ग्राहकाला भाड्यात सूट. १ ऑक्टोबर २०२४ पासून नवे एकत्रित नियम लागू झाले. पण दुरुस्तीचा हा हिशेब बिघाड नोंदवल्यापासून सुरू होतो. त्याच्या आधीचे नऊ दिवस कुणाच्याच खात्यात नसतात. म्हणून ते आपल्याला मागावे लागतील.

तर काय मागायचं?

१. नवीन कनेक्शन घेताना किंवा दुरुस्ती झाल्यावर, पोऱ्याला मीटरचा आकडा विचारा आणि डब्याच्या मागं तारीख घालून पेनाने लिहून ठेवा. हा तुमचा जन्मदाखला. पुढं भांडण झालं तर कामाला येतो.

२. बऱ्याच डब्यांच्या सेटिंगच्या पानावर 'आरएक्स पॉवर' म्हणून हा आकडा दिसतो. घरातल्या कॉलेजच्या लेकराला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. महिन्यातून एकदा, आणि झडीनंतर एकदा बघा. तीनने जरी घसरला तरी कळवा.

३. तक्रार करताना "नेट स्लो आहे" म्हणू नका. "आधी मायनस २० होतं, आता मायनस २५ आहे" म्हणा. बोलणं लगेच बदलतं. तक्रारीचा नंबर घ्या. चालू आहे म्हणून बंद केली तर त्याच कंपनीकडं अपील करता येतं, ते करा.

४. घरातली पिवळी किंवा पांढरी बारीक वायर बांगडीपेक्षा लहान गोल करून बांधू नका, खिळ्याने ठोकू नका. कनेक्टर काढून फुंकर मारू नका, तोंडातली वाफ आणि धूळ दोन्ही बसतात. आणि सुटलेल्या टोकात डोळा घालून बघू नका. तो उजेड डोळ्याला दिसत नाही, पण असतो.

५. गावातल्या नेटवाल्या भावांना विनंती: आठवड्यातून एकदा यादी काढा. मायनस २५ च्या खालचे आणि एका महिन्यात ३ ने घसरलेले, दोनच रकाने. पावसाळ्याच्या आधी, मे महिन्यात, त्या यादीतले जॉइंट बॉक्स उघडून कोरडे करून पुन्हा बंद करा. ग्राहकाला तुम्ही आधी फोन करा, "काका, तुमचा सिग्नल उतरलाय, उद्या पोरगा येतोय." या एका फोनची जाहिरात कुठल्याच बॅनरने होणार नाही.

६. दवाखाना, बँक, शाळा, सेवा केंद्र, तहसील यांच्या लाईनी वेगळ्या रंगात दाखवा. तिथं आकडा उतरला तर त्याच दिवशी माणूस. कारण तिथं एक लाल लाईट म्हणजे पन्नास माणसांची मजुरी.

यातलं काहीच नवीन मशीन घेऊन करायचं नाही. आकडे आजही मशीनमध्ये पडून आहेत. फक्त बघायचं आहे. आपल्या भागाला सगळं उशिरा मिळतं, हे रडगाणं मीही गातो आणि ते खोटं नाही. पण जे मिळालंय ते टिकवायला दिल्ली-मुंबईची परवानगी लागत नाही.

आज घरी गेल्यावर डब्याचा आकडा बघा आणि कमेंटमध्ये लिहा. फक्त आकडा आणि गल्ली, नाव-नंबर नको, कंपनीचं नाव पण नको. शे-दोनशे आकडे जमले तर कुठल्या भागातला जॉइंट भिजलाय ते आपल्यालाच दिसेल, आणि ती यादी घेऊन आपण नेटवाल्यांकडं भांडायला नाही, चहा प्यायला जाऊ.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर का नाही ते लिहा, मी वाचतो.